भाऊजींचं ग्राफिक्स कार्ड

बाबा, काल ताई आणि भाऊजी आले होते, आणि भाऊजी तासभर तुमच्याबद्दलच बोलत होते. जेवताना, हात धुताना, नंतर दुकानात येऊन उभे राहिले तेव्हासुद्धा. सासऱ्यांना ते मामाजी म्हणतात, तेव्हा मामाजी असे होते, मामाजी तसे होते. तुम्ही मोटर कशी तपासायचात हे त्यांनी माझ्याच मुलीला, माझ्याच दुकानात, एका मोटरीवर हात ठेवून दाखवलं, आणि ती डोळे मोठे करून ऐकत राहिली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, माझ्या कानाजवळचे केस पिकले, आणि मी तिथे पाना हातात घेऊन उभा राहून अगदी तसाच जळत होतो, जसा बाविसाव्या वर्षी जळत होतो. मला वाटायचं, वयाबरोबर हे जात असेल. जात नाही. म्हणून आज दुकान उघडलं आणि गिऱ्हाईक यायच्या आत लिहायला बसलो.

भाऊजींनी दाखवलं ते बरोबरच होतं म्हणा. सेलूत मोटर वाइंडिंग करणारे तेव्हा आणखी दोघं होते, पण लोक बैलगाडीत घालून, सायकलला बांधून विहिरीवरच्या जळक्या मोटरी तुमच्याकडेच आणायचे. तुम्ही जुनी तार उपसायचात, नवी भरायचात, वार्निश लावून उन्हात ठेवायचात, आणि मग अर्धा तास मोटर चालवून तिच्या अंगावर तळहात ठेवून मोजायचात. दहापर्यंत हात टिकला तर मोटर पास. आधीच उचलावा लागला तर पुन्हा उघडायची. पास झालेल्या मोटरीवर तुम्ही खडूने १० लिहायचात. "मीटर पाह्यतो ना मी," तुम्ही म्हणायचात, "पन हात लावल्याबिगर मले चैन नाई पडत." मला त्या हाताचा अभिमान होता, पण वाइंडिंग शिकायचं नव्हतं. मी वर्ध्याला कॉम्प्युटरचा डिप्लोमा करत होतो आणि स्वतःला बराच शहाणा समजत होतो.

त्या हिवाळ्यात मी घरच्या कॉम्प्युटरमध्ये एक ग्राफिक्स कार्ड बसवलं. पडद्यावरची चित्रं रंगवायचं काम हे कार्ड करतं. कंपनी त्याचा एक वेग ठरवून देते, पण एक लहानसं सॉफ्टवेअर टाकलं की तो आपल्याला वाढवता येतो. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. पडद्यावर दोन पट्ट्या असतात, त्या माउसने जरा जरा पुढे सरकवायच्या, आणि मग एखादं जड दृश्य तासभर फिरवत ठेवून कार्ड तग धरतं का ते बघायचं. नाही धरलं तर आधी ठिपके उमटतात, मग रंगीत पट्टे, मग सगळं गोठतं. संक्रांतीच्या सुमारास माझं कार्ड असं काही पळालं की मी वर्गभर फुशारकी मारून आलो. मार्च लागला आणि ते दर वीस मिनिटांनी गोठून बसायला लागलं. मी रोज पट्ट्या मागे-पुढे करत बसायचो. तुम्ही मागून जाता जाता विचारायचात, "चालू हाये न ते? मंग काऊन छेडून राह्यला त्याले?" आणि मी म्हणायचो, "तुमाले नाई समजनार ते, बाबा." हे मी म्हटलं होतं, कबूल आहे. तरीही माझी इच्छा अशी की इतकं ऐकून घेऊन तुम्ही खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसावं. चार महिन्यांत एकदाही बसला नाहीत.

मग मे महिन्यात भाऊजी आले. ताईच्या लग्नानंतरचा पहिलाच उन्हाळा, तेव्हा जावयाला रस खायला बोलावणं आलंच. आईने कुरड्या तळल्या, तुम्ही बाजारातून निवडून निवडून आंबे आणलेत. मी मागितलं असतं तर इतके निवडले असते का, हा विचार माझ्या मनात तेव्हाच आला होता. भाऊजी नागपूरला कॉम्प्युटर दुरुस्तीच्या कामावर होते. त्यांनी बॅगेतून एक नवंकोरं कार्ड काढलं, माझ्या कार्डाच्या दुप्पट ताकदीचं. घरी निवांतपणा मिळत नाही, सासरी चार दिवस आहेत तर हे नीट बसवून बघू, म्हणाले. माझं कार्ड काढून त्यांनी आपलं लावलं. तुम्ही नेहमीसारखे मागून जात होतात. भाऊजींनी मान वळवून एवढंच म्हटलं, "मामाजी, हे तुमच्या मोटरीवानीच हाये. लोड टाकला का तापते, तापलं का बसते. आता लोड कुठवर टाकाचा, तेवढंच पाहाचं हाये."

आणि तुम्ही खुर्ची ओढली. "अस्सं होय? मंग हवा कुठून घेते हे?"

मी दारात उभा आहे, हातात पाण्याचा तांब्या, आणि तुम्ही दोघं पाठमोरे त्या उघड्या डब्यात डोकं घालून बसला आहात. ते वाक्य इतकं सोपं होतं की मला अजून राग येतो. जन्मभर मोटरींच्या वासात वाढलो मी, आणि तुमच्या भाषेत तुमच्याशी बोलायचं सुचलं ते परक्या घरातून आलेल्या माणसाला. दुसऱ्या दिवशी तुम्ही दुकानातून जुन्या स्टॅबिलायझरचा पंखा आणलात, ॲल्युमिनियमची पट्टी वाकवून तो कार्डाच्या तोंडाशी बसवलात, त्याला वेगळी पिन दिलीत. कार्डावर तळहात मावत नव्हता, म्हणून त्याच्या पाठीला दोन बोटं लावून मोजायला लागलात. भाऊजी पट्टी एक घर सरकवायचे, तुम्ही मोजायचात. मग तुम्ही म्हणालात, "कूलर बंद करा, बुवा. मोटर का कूलरसमोर चालते शेतात? कडक उन्हात टिकली तं टिकली." भाऊजी हसले आणि त्यांनी उठून कूलर बंद केला. मी मात्र थिजलो. माझं कार्ड संक्रांतीत पळून मार्चमध्ये का बसत होतं, त्याचं उत्तर चार महिने माझ्या पाठीमागून ये-जा करत होतं. ते तुम्ही त्यांना दिलंत.

तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, घामाने निथळत, तुम्ही दोघांनी भाऊजींना हवा असलेला वेगाचा आकडा गाठला. दोन तास दृश्य फिरलं, एक ठिपका नाही. तुम्ही दोन बोटं लावलीत, दहापर्यंत मोजलंत, खिशातून खडू काढलात आणि कॉम्प्युटरच्या डब्यावर १० लिहिलंत. आईला हाक मारून म्हणालात, "जवाईबुवाले समजते बरं का यातलं." आई म्हणाली, "आपल्या पोरालेही समजते न." तुम्ही म्हणालात, "त्याले धीर नाई."

बाबा, ते खरं होतं, म्हणूनच झोंबलं. दुसऱ्या दिवशी दुपारी रस झाला आणि घर आडवं झालं. रसानंतर आपल्याकडे कोण जागं राहतं? तुम्ही ओसरीवर, भाऊजी आतल्या खोलीत, कूलर घरघरतोय. मी कॉम्प्युटर सुरू केला. मला कार्ड जाळायचं नव्हतं, हे मी स्वतःला अजून सांगतो. मला फक्त तुमचा तो आकडा चुकलेला बघायचा होता. मी दोन्ही पट्ट्या बऱ्याच पुढे ढकलल्या. ठिपके आले. थांबायला हवं होतं. मी खाली वाकलो आणि तुमच्या पंख्याची पिन काढली. पट्टे आले, लाल, हिरवे, मग पडदा काळा, आणि आपल्या दुकानात रोज येतो तो जळक्या वार्निशसारखा वास. मी पिन पुन्हा लावली, बटण बंद केलं आणि आईजवळ जाऊन झोपेचं सोंग घेतलं.

चार वाजता चहा झाल्यावर भाऊजींनी कॉम्प्युटर लावला. पडदा आलाच नाही, नुसतं पीं पीं वाजत राहिलं. तुम्ही वाकून वास घेतलात. तुमची नजर सरळ तुमच्या पंख्यावर गेली, तुम्ही मारलेल्या जोडावर. माझ्याकडे तुम्ही बघितलंसुद्धा नाहीत. माझा संशय येण्याइतकंही तुम्ही मला त्यात धरलं नव्हतं. मग तुम्ही जावयापुढे हात जोडलेत. "माह्या हातानं जयलं, बुवा. पंख्यानंच शॉट मारला असन." भाऊजी कावरेबावरे झाले, तुमचे हात धरून म्हणाले, "अजी मामाजी, काय करता हे, कार्ड हाये ते, जातच राह्यते." तुम्ही खांद्यावरच्या दुपट्ट्याने डब्यावरचा खडू पुसलात. मी भिंतीला टेकून हे बघत होतो आणि मला वाईट वाटलं नाही. बरं वाटलं.

पुढे जे झालं ते माझ्या गणितात नव्हतं. त्या आठवड्यापासून तुमचा स्वतःच्या हातावरचा विश्वास उडाला. मोटर तपासून झाली की तुम्ही खडू हातात धरून थांबायला लागलात. एक दिवस मी दुकानात जेवणाचा डबा घेऊन आलो तेव्हा म्हणालात, "तू पाह्य बरं जरा हात लावून. माह्या हाताचं काही खरं नाई आता." मी हात लावला, मोजलं, दहा म्हणालो, आणि मग तुम्ही लिहिलंत. तेव्हापासून रोज. डिप्लोमा झाला, नोकरीची दोन पत्रं आली, मी गेलो नाही. लोक म्हणाले, पोरगा बापासाठी थांबला. तुम्ही असेपर्यंत मी तुमच्या शेजारच्या स्टुलावर बसलो, तुम्ही मला तार भरायला शिकवलंत, माझ्याशी बोललात. माझ्या आयुष्यातली तीच सगळ्यात चांगली वर्षं होती.

काल भाऊजींना सांगून टाकावं असं दोनदा ओठांवर आलं. सांगितलं नाही. ते लगेच माफ करतील, पाठीवर थोपटतील, आणि तेवढाही मोठेपणा मला त्यांना द्यायचा नाही. तुम्हाला लिहिलेलं हे कुठे टाकणार, गल्ल्याखालच्या जुन्या कागदांत जाईल. पण त्यांना कधीच कळू शकणार नाही असं एक आहे, ते लिहितो. तुमचा हात शेवटपर्यंत चुकला नाही, बाबा. तुम्ही दहा मोजलेत तिथे माझेही दहाच यायचे. फक्त तुम्ही स्वतःहून खडू उचलायला लागलात असं दिसलं, की मी सातवरच हात काढून म्हणायचो, "थोडी गरम हाये, बाबा." आणि तुम्ही ती चांगली मोटर पुन्हा उघडायला घ्यायचात.