नणंदेची नोकरी आणि माझं मोठं मन

सोमवार, ३ जून. सकाळी साडेसहा.
देवापुढे संकल्प केला: कुणाच्या आजाराला नावं ठेवायची नाहीत. धाकटी नणंद मनाच्या आजाराच्या हॉस्पिटलातून घरी येऊन आठ महिने झाले. गोळ्या वेळेवर घेते. आता शिवणाच्या दुकानात नोकरी करते म्हणते. माझा पूर्ण पाठिंबा. फक्त तिथे कात्र्या असतात, एवढंच.

मंगळवार, ४ जून
लागली नोकरी. मी सकाळी देवळात गेले की हे तिला आत ठेवून बाहेरून कुलूप लावून ऑफिसला जातात. तिच्या जिवासाठीच. आज म्हणाली, वहिनी, आता कुलपालाही सुट्टी द्या. पूर्वी खिडकीतून हाका मारायची. तेव्हा शेजारणींना मीच शिकवलं: वाद घालायचा नाही, गोड हसायचं, "हो हो" म्हणायचं, पुढे जायचं. शिकले मॅट्रिकच, पण माणसं कळतात.

गुरुवार, ६ जून
दुकानाच्या बाईंना चिठ्ठी दिली. कोरा कागद कशाला, जुन्या पावतीच्या पाठीवर लिहिली. कात्र्या मोजून द्या. गिऱ्हाइकाशी बोलू देऊ नका. खरं सांगायचा माझा नेम आहे. बाई म्हणाल्या, आजाराचं तिनं पहिल्याच दिवशी सांगितलंय, मी तिची काजं बघून तिला कामावर ठेवलंय. बाई भोळ्या. लक्ष ठेवावं लागणार.

सोमवार, १० जून
डबा द्यायला गेले. मग चमचा द्यायला. मग झाकण. मध्ये काचेबाहेर उभी राहून जप केला. एका गिऱ्हाइकानं आत विचारलं म्हणे, ती बाहेर पुटपुटणारी कोण, आजारी आहे का? नणंद म्हणाली, नाही हो, आमच्या वहिनी आहेत.

बुधवार, १२ जून
बाई स्पष्टच बोलल्या. पोरीचं काम चोख आहे, पण तुम्ही पुन्हा आलात तर तिला ठेवता येणार नाही, गिऱ्हाईक बिचकतं. लोकांना आजारी माणसाचं वावडंच. नणंद जेवली नाही. ह्यांना म्हणाली, दादा, मी दुकानावरच्या खोलीत राहायला जाते. हे "जा" म्हणाले. बावीस वर्षांत पहिल्यांदाच, मला न विचारता.

शनिवार, १५ जून
गेली. गोळ्यांची डबी स्वतःच घेतली. महिनाभर दुकानाकडे फिरकणार नाही, देवाशपथ. निदान सोमवारपर्यंत.

सोमवार, १७ जून. दहा वाजून पाच.
गुडघा दुखतोय म्हणून देवळात गेले नाही, घरीच जपाला बसले. हे सवयीनं बाहेरून कुलूप लावून गेले. माझी किल्ली पदराला, कुलूप दाराबाहेर. काटकसर म्हणून घरात फोन एकच, तो ह्यांच्या खिशात. शांत राहायचं.

सव्वादहा.
खिडकीतून शेजारीण दिसली. सांगितलं, मी आहे, ती नव्हे, ती कामाला गेलीय. वर बघून गोड हसली. "हो हो" म्हणाली. पुढे गेली.

दहा चाळीस.
पुन्हा हाक मारली. जाळी हलवायला नको होती. आता खाली तिघी उभ्या आहेत. तिघीही गोड हसतायत.