आग्या मोहोळाचा पालक

९ नोव्हेंबर १९९७, रविवार
आज 'नेरेहोरे'च्या मीटिंगमध्ये भाषण केलं. नेरेहोरे म्हणजे कन्नडमध्ये शेजारपाजार. संस्था छोटी, सभासद चौदा, अध्यक्ष प्रतिमा मॅडम, बॉटनीच्या रिटायर्ड लेक्चरर. कोणीतरी ही वही पुढे संग्रहालयात ठेवली तर कळावं म्हणून लिहून ठेवतो.
विषय: आग्या मोहोळ. इथे आमच्या येलहंकाभर लोक घाबरून मोहोळं जाळतात. मॅडम म्हणतात जाळायची गरजच नाही, माश्या तीनचार महिने राहतात आणि आपल्या आपण उडून जातात. पण हे लोकांना पटायला पुरावा हवा. म्हणून प्रत्येक मोहोळाला एक पालक नेमायचा. त्याने रोज बघून नोंद करायची, आल्याची तारीख, गेल्याची तारीख. मी उठून म्हणालो, माझ्या खिडकीत मोहोळ लागलं तर पाहुण्याला देतात तशी जागा देईन. टाळ्या.
आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. तिथे लागण्याची शक्यता नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
लागलं.

१९ नोव्हेंबर
काल एका शब्दापुढे लिहिता आलं नाही. बाथरूमच्या खिडकीबाहेर, छज्ज्याखाली. सकाळी दाढी करताना बघितलं तर एक काळं पोतं लोंबत होतं आणि ते हलत होतं. पोत्याच्या अंगावरून एक लाट गेली, वरून खाली. मी अर्ध्या दाढीने ऑफिसला गेलो.
मॅडमना मुग्धाने फोन करून कळवलं. मुग्धा माझी मुलगी, पाचवीत आहे. संध्याकाळी मॅडमनी नोंदवही, दुर्बीण आणि अभिनंदन पाठवलं. मी या भागातला पहिला पालक. सुखदा म्हणाली, पाहुणे आले आहेत, आता चहा विचारा. बायकोला शास्त्राची गोडी कधी लागणार कोण जाणे.

२३ नोव्हेंबर, रविवार
सोसायटीची सभा. हणमंतराव सेक्रेटरी, मूळचे निपाणीकडचे, मराठी-कन्नड एका ताटात वाढतात. ते म्हणाले, सर, स्वल्प विचार करा की ओ, लेकरं हाईत बिल्डिंगमधी. मी फ्लिपचार्ट लावून बोललो. शेवटी ठरलं ते असं: बी ब्लॉकच्या पाण्याच्या टाकीवरही एक मोहोळ आहे. आमच्या मोहोळातल्या माश्या आपल्या आपण गेल्या तर टाकीवरच्या मोहोळालाही कोणी हात लावायचा नाही. १५ मार्चपर्यंत गेल्या नाहीत तर दोन्ही जाळायची, कारण उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या, आधी भिंतींना चुना द्यायचा आहे. पुरावा: माझी नोंदवही. सगळ्यांनी सह्या केल्या.
फार मोठी जबाबदारी. आजपासून रोज सकाळी सात वाजता खिडकी उघडून दहा मिनिटं निरीक्षण.

२४ नोव्हेंबर
खिडकी उघडली नाही. थंडी.

२६ नोव्हेंबर
खिडकीला 'हिंदू' पेपर आणि गमटेप लावली. माश्यांना आमच्या लाइटचा त्रास होऊ नये म्हणून. रात्री उजेड दिसला तर त्या घरात येतात असं मॅडम म्हणाल्या होत्या, ते वाक्य डोक्यातून जात नाही. आता आंघोळ अंधारात. आज साबणाऐवजी कपड्यांचा बार घेतला.
निरीक्षण कानाने करायचं ठरवलं. डोळा फसवतो, कान फसवत नाही. दुर्बीण मुग्धाला खेळायला दिली.
नोंदवही: संख्या अंदाजे ४०,०००. गुणगुण दमदार.

५ डिसेंबर
खिडकीखालच्या मागच्या वाटेवर दोरी बांधली, बोर्ड लावला: प्रवेश बंद, निरीक्षण चालू. तीन भाषांत. आता तिकडे कोणी फिरकत नाही. मी पण नाही, नियम सर्वांना सारखा.

१३ डिसेंबर, शनिवार, दुपारी ३.१०. कपाटातून.
एक माशी घरात शिरली आहे. टॉवेलवर होती. मी टॉवेल खांद्यावर घेतला होता. कपाटात उजेड कमी आहे, अक्षर वाचता येईल की नाही माहीत नाही. सुखदा बाहेरून विचारते आहे की किती वेळ. छाती एवढी धडधडते आहे की गुणगुण ऐकू येत नाही.
४.४५. मुग्धाने माशीवर पेला ठेवला, खाली पोस्टकार्ड सरकवलं आणि गॅलरीतून सोडून दिली. ती बधिर झाली होती म्हणे, माशी. मी मुग्धाला तंत्र समजावून सांगितलं.

९ जानेवारी १९९८
सरकारी शाळेत कार्यक्रम. विषय: भिऊ नका. साठ मुलं. मी कन्नडमध्ये सुरुवात केली, मक्कळे, हेदरबेडी, म्हणजे मुलांनो, भिऊ नका. मुलांनी छान साथ दिली. मग पंख्याजवळ काहीतरी भुणभुणलं. मी उरलेलं भाषण मैदानातून केलं. शिक्षिका कावेरीबाई म्हणाल्या, ती गांधीलमाशीसुद्धा नव्हती, साधा भुंगा होता. ओपन एअर एज्युकेशनचं महत्त्व त्यांना पटलेलं दिसलं नाही.

१४ जानेवारी, संक्रांत
एळ्ळू-बेल्ला, म्हणजे इकडचा तिळगूळ, घेऊन मॅडम आल्या होत्या. गुडघ्यामुळे तिसऱ्या मजल्यावर चढल्या नाहीत, खालीच बसून नोंदवही चाळली. म्हणाल्या, इतकी नियमित वही मी पाहिली नाही, पद्मनाभ. तुमच्या वहीवर माझा भरवसा आहे. फार बरं वाटलं. पण रात्री जेवण गेलं नाही. का ते कळलं नाही. तिळगूळ जास्त झाला असावा.

३ फेब्रुवारी
प्रामाणिकपणे लिहायचं तर मला त्यांची भीती वाटते. भीती म्हणजे, पहाटे जाग आली की आधी भिंतीला कान लावतो. स्वप्नात ते पोतं हलतं. कोणी मागे उभं राहिलं तरी दचकतो. ऑफिसात टाइपरायटर सुरू झाला की उठून उभा राहतो. हे कोणाला सांगता येत नाही, कारण मी पालक आहे.
पण भीती हा आदराचाच एक प्रकार. उद्या खिडकी उघडणार.

४ फेब्रुवारी
अमावास्या नव्हती, पण दिवसही चांगला नव्हता.

१९ फेब्रुवारी, गुरुवार
ऑफिसातून आलो तर मुग्धा धावत आली. म्हणते, शाळेतून येताना बघितलं, आपल्या बिल्डिंगमागून एक मोठा काळा ढग उठला आणि घोंघावत तळ्याकडे गेला. मी समजावलं, एअरफोर्सचा तळ जवळ आहे, विमानं धूर सोडतात. ती म्हणाली, धुराला आवाज नसतो, बाबा. मी म्हणालो, विमानाला असतो.
भिंतीला कान लावून खात्री केली. गुणगुण आहे.
नोंदवही: ४०,०००. स्थिती कायम.

२४ फेब्रुवारी
मुग्धा म्हणते तिने मैत्रिणीच्या गच्चीतून दुर्बिणीने बघितलं, आपलं पोळं पांढरं दिसतं, टाकीवरचं काळं. मध भरला की पोळं पांढरं दिसत असणार. मुलांचं निरीक्षण वरवरचं असतं. मी आत राहून जे ऐकतो ते तिला बाहेरून कसं दिसणार.

१ मार्च, रविवार
सुखदाने विचारलं की हल्ली गच्चीतल्या कपड्यांवर ते पिवळे ठिपके का पडत नाहीत. जानेवारीत सगळ्या चादरी माश्यांनी घाण केल्या होत्या. मी म्हणालो, पावडर बदललीस ना. तिने हातातली चादर घडी करून ठेवली. मग म्हणाली, एकदा खिडकी उघडून बघा हो. मी इथे उभी राहते, वाटलं तर हात धरते.
पालकाने बायकोचा हात धरून निरीक्षण करायचं का? मी विषय बदलला.

८ मार्च, रविवार, सकाळी ७
आज शेवटचा निर्णय. सुखदा आणि मुग्धा देवळात गेल्या आहेत. रेनकोट घातला, डोक्याला मफलर, हातात ओव्हनचे मोजे. गमटेपचं टोक सापडलं. एक इंच सोलली.
७.२०. हात पुढे जात नाही. एक इंचातून उजेडाची रेघ आली. पलीकडे काय आहे ते त्या रेघेतून दिसलं असतं, डोळा लावला असता तर. मी लावला नाही. गुणगुण ऐकू येत होती. टेप परत चिकटवली.
नोंदवही: ४०,०००. आक्रमक.

१५ मार्च, रविवार
सभा. मॅडम गुडघ्याला पट्टा बांधून आल्या होत्या. त्यांनी मुदत मागितली, आणखी पंधरा दिवस. हणमंतराव म्हणाले, मॅडम, तुमच्यावर विश्वास ठेवूनच चार महिने थांबलो, पण सरांच्याच बुकात लिवलंय की चाळीस हजार, अजून एक माशी कमी नाही. ह्या माश्या आपुण होऊन जात नाहीत, एवढंच सिद्ध झालं. मॅडमनी पानं उलटून बघितली. त्यांच्यापुढे माझीच वही होती.
मग हणमंतरावांनी मला विचारलं, सर, डोळ्यानं बगून लिवताय न्हवं?
सगळे माझ्याकडे बघत होते. मी हो म्हणालो.
सरी, ठीक मग, म्हणाले हणमंतराव. उद्या पिराजीला बोलावणार. पिराजी मोहोळं जाळण्यात तरबेज आहे. आधी टाकीवरचं, मग आमचं.
वाईट वाटतंय. पण लिहिल्याशिवाय राहवत नाही: पहिल्यांदाच आज झोप लागेल असं वाटतंय.

१६ मार्च, सोमवार
संध्याकाळी सहाला पिराजी आला. बांबूच्या टोकाला भिजलेल्या चिंध्या. मी सगळ्या खिडक्या लावून घरात बसलो. बी ब्लॉककडून धूर आला, मग वास. तो वास वर्णन करता येणार नाही. पाऊण तास चाललं. मुग्धा गॅलरीच्या दाराशी उभी होती, तिला आत ओढलं तर आली नाही.
मग पिराजी आमच्याकडे आला. मागच्या वाटेवरची माझी दोरी ओलांडली, वर बघितलं आणि बांबू खाली ठेवला. खालूनच ओरडून विचारलं की इथे मला कशाला बोलावलं, हे तर रिकामं आहे. मेण वाळलंय, कीड लागलीय, माश्या जाऊन महिना तरी झाला असेल.
मी गॅलरीच्या दाराआडून ओरडलो, आवाज येतोय की. सुखदा उठली आणि बाथरूमबाहेरच्या पॅसेजमधला फ्रिजचा स्टॅबिलायझर बंद केला.
आवाज थांबला.

१७ मार्च
ऑफिसला गेलो नाही. हणमंतराव जिन्यात भेटले. कडेला सरकून वाट दिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. टाकीखाली मेलेल्या माश्यांचा ढीग आहे, झाडणाऱ्या यल्लाप्पाने दोन टोपल्या भरल्या. मी गॅलरीतून बघितलं. आता बघता येतं.
टाकीवरच्या माश्याही चारदोन दिवसांत गेल्याच असत्या, असं मुग्धा म्हणाली. त्यांची पण हालचाल सुरू झाली होती.
मला लाज वाटते. ह्याला दुसरा शब्द शोधून बघितला, सापडला नाही.

१८ मार्च, बुधवार
मॅडम आल्या. या वेळी तीन मजले चढल्या, दर मजल्यावर थांबत. थेट बाथरूममध्ये गेल्या, टेप सोलली, पेपर काढले, खिडकी उघडली. चार महिन्यांनी तिथे ऊन आलं. छज्ज्याखाली पांढरं, चुरगळलेलं मेण. मॅडमनी वाकून बघितलं. मीही त्यांच्या मागून बघितलं.
मग टेबलाशी बसून नोंदवही मागितली. १९ फेब्रुवारीपासूनच्या माझ्या सगळ्या नोंदींवर पट्टी ठेवून एक सरळ रेघ मारली. गेल्याची तारीख मुग्धाला विचारून लिहिली. वेळ पण विचारली, साडेचार. पुढच्या वर्षी पालक मुग्धा असेल म्हणाल्या. मुग्धा माझ्याकडे बघून हो म्हणाली, हळू आवाजात.
वहीतली खालची ओळ बी ब्लॉकच्या मोहोळाची. तिथे मॅडमनी लिहिलं: जाळल्या, १६ मार्च. पुढचा रकाना 'कारण' असा होता. तो त्यांनी रिकामा ठेवला आणि पेन माझ्यापुढे सरकवलं. हे पालकानेच भरायचं असतं म्हणाल्या.
आधी लिहिलं, निरीक्षणपद्धतीतील त्रुटी. मग ते खोडलं. त्याखाली लिहिलं, मी खिडकी उघडली नाही. सही केली.
मॅडमनी वाचलं आणि वही पिशवीत घातली. सुखदाने चहा ठेवला होता. त्या म्हणाल्या नको, उतरायला वेळ लागतो.