आठवं कडं

मोजणीची छावणी, नेब्रास्का
२० जून १८५८

ती. टॅबिथाताईस,
जेथ्रोचा सा. न. वि. वि.

कॉलेजातून पळालेला भाऊ जिवंत आहे, एवढं बाबांना सांग. पुढचं तुझ्यापुरतं ठेव. लॅटिनच्या मास्तरांनी भर वर्गात मला मठ्ठ म्हटलं. मी त्यांचं पुस्तक त्यांच्याच टेबलावर आपटलं आणि पश्चिमेची वाट धरली. आता सरकारी मोजणीच्या टोळीत साखळी ओढतो. इथल्या मूळच्या ओमाहा लोकांनी आपला बहुतेक मुलूख सरकारला लिहून दिला. त्यातली जी जमीन त्यांच्याकडे राहायची, तिची हद्द आम्ही आखतोय. नदीपासून पश्चिमेला बरोबर अठरा मैल. त्याच्या अलीकडे त्यांचं, पलीकडे जो आधी येऊन दावा सांगेल त्याचं.

काम एखाद्या बैलालाही जमेल असं. सहासष्ट फुटांची साखळी, पुढे ॲब्सलम, मागे मी. साखळी ताणली की तो जमिनीत सळई खोचतो, मी मागून येऊन ती उपटतो. दहा सळया गोळा झाल्या की मी ओरडतो आणि कमरेच्या पट्ट्यावरचं एक कडं सरकवतो. आठ कडी सरकली की एक मैल. तिथे खुंट ठोकायचा, तो कुजला तरी खूण राहावी म्हणून खाली कोळसा पुरायचा आणि कडी पुन्हा मागे घ्यायची.

शेवटच्या मैलात घात झाला. मक्याच्या शेतात एक मुलगी कुदळीने रोपांना माती लावत होती. नाव ओडील. बाप फ्रेंच व्यापारी होता, तो वारला; आई ओमाहा. इथे शेत बाईचं असतं, पुरुषाचं नाही. मका गुडघाभर झाला की सगळं गाव रानगव्यांच्या शिकारीला जातं आणि कणसं भरली की परततं. ओडीलच्या आईचा पाय अधू, म्हणून या दोघीच मागे राहिल्या आहेत. तर मी तिच्याकडे बघत चालताना बिळात पाय घालून तोंडावर आपटलो. ती हसली. हसताना हात कमरेवर ठेवते. ताई, मी उठलो, अंग झटकलं आणि कडं सरकवलं.

पण पडायच्या आधीही सरकवलं होतं का? देवाशप्पथ आठवत नाही. ॲब्सलम तापाने फणफणलेला. त्याला विचारलं तर म्हणाला, तू म्हणशील तितकी.

अठरावा खुंट तिच्या आईच्या शेताच्या अलीकडेच बसला. शेत हद्दीबाहेर. म्हातारी सांगते की करार करताना त्यांना ओढ्यापर्यंत म्हटलं होतं, आणि ओढा तर शेताच्या पलीकडे. पंधरा ऑगस्टला मला ओमाहा शहरात जाऊन शपथेवर सही द्यायची आहे की मोजणी खरी आहे. सही दिली की शेत गेलं. आणि मोजणी खरीच असली तर? मी एका हसण्यापायी सरकारला खोटं पाडतोय की सरकारपायी तिला? रात्रंदिवस हेच.

मुलांना गोड पापा. तुझी माया अशीच राहू दे, इथे तीच पुरवून खातोय.
तुझा,
जेथ्रो


ओहायो
५ जुलै १८५८

चि. जेथ्रो यास,
टॅबिथाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. बाबांना तू जिवंत असल्याचं सांगितलं. मग जिवंत आहे तर फी का बुडवली, म्हणाले, आणि जेवण अर्धं टाकून उठले. पण दुपारी मला विचारून गेले की नेब्रास्कात माती कशी आहे म्हणे. राग किती आणि काळजी किती, तूच ओळख.

आता तुझं. लहानपणी रविवारी चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभं केलं की तू देवाच्या आज्ञा दहाच्या अकरा म्हणायचास, आणि अकरावी कोणती विचारलं की रडायचास. अशा माणसाच्या कमरेला सरकारने कडी बांधली, तर सरकारचंच चुकलं. पण बाळा, यात गोंधळायचं काय? शंका आहे ना, मग पुन्हा मोज. साहेबाला सांग. आणि ती मुलगी हसली म्हणजे तुझ्यावर भाळली असं नाही. बिळात पडणाऱ्याला कोणीही हसतं. तिच्या मनात काय आहे ते आधी बघ.

पायात लोकरीचे मोजे घाल. तुझे भाऊजी आठवण काढतात. आम्हाला विसरू नकोस, एवढंच मागणं.
तुझी,
ताई


मोजणीची छावणी
२२ जुलै १८५८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मोजलं! तुझं पत्र वाचलं आणि तसाच आमचे टोळीप्रमुख प्रॉक्टरसाहेब यांच्या तंबूत घुसलो. ते म्हणाले, त्यांना मैलावारी मेहनताना मिळतो, एकाच मैलाचा दोनदा नाही. ॲब्सलम अजून अंथरुणात. एकट्याने साखळी ओढता येत नाही. तेव्हा रविवारी पुढचं टोक कोणी धरलं असेल? ओडीलने. ती ॲब्सलमपेक्षा सरळ चालते आणि साखळी ढिली पडली की फ्रेंचमध्ये शिव्या घालते. सतराव्या खुंटापासून अठराव्यापर्यंत आम्ही तिघांनी मोजलं. म्हणजे आम्ही दोघांनी, आणि तिची आई काठी टेकत मागून येत स्वतःच्या बोटांवर मोजत होती. ऐंशी साखळ्या भरायला हव्यात. सत्तरच भरल्या. सात कडी, ताई. आठवं मी पडल्यावर उगाच सरकवलं होतं. पुढे दहा साखळ्या आणखी गेलो, तर थेट ओढ्याचा काठ. म्हातारीचा शब्दन् शब्द खरा.

मला नाचावंसं वाटलं. प्रॉक्टरसाहेबांकडे धावलो. ते शांतपणे पाईप भरत म्हणाले की खुंट ठोकला, कोळसा पुरला, नकाशा गेला. आता कायद्याच्या नजरेत खुंट आहे तिथे अठरा मैल, साखळी काहीही म्हणो. मी म्हटलं, हा कसला कायदा. ते म्हणाले, हा नसेल तर प्रत्येक शेजारी रोज नवी साखळी घेऊन येईल. यावर काय बोलायचं ते तुला सुचतं का?

त्यात ओढ्याशी होग नावाच्या माणसाची गाडी येऊन उभी राहिलीये. इंडियानाहून आलाय, ओढा ओलांडून शेतात शिरायला नुसता सहीची वाट बघतोय. तेव्हा मी तोड काढली. मी गपचूप सही करतो, आणि होगच्या आधी मीच त्या शेतावर दावा लावतो. शेत माझ्या नावावर, मी ओडीलशी लग्न करतो, शेत तिचंच राहतं. मला एकवीस पूर्ण झालीत, कायद्यात बसतं. बाबांना सांग, मुलगा जमीनदार होतोय.

हे तिला सांगायला गेलो तेव्हा वाटलं होतं की ती गळ्यातच पडेल. तिने कुदळ खाली ठेवली, सगळं ऐकलं आणि म्हणाली, "आधी मला शेताबाहेर मोजलंस. आता मालक होऊन आत बोलावतोस."

आणि पुन्हा कामाला लागली. मी तिथेच उभा. माझं चुकलं काय? मी शेत वाचवतोय ना? तीन दिवस ती माझ्याशी बोललेली नाही. लवकर लिही, माझं डोकं चालेनासं झालंय.

तुझ्या ममतेवर हक्क सांगणारा,
जेथ्रो


ओहायो
५ ऑगस्ट १८५८

चि. जेथ्रो यास,
अनेक आशीर्वाद.

बाबा फार खूश आहेत. तुझं पत्र त्यांनी शेजाऱ्यांना वाचून दाखवलं, मुलीचा भाग गाळून. एका दाव्याला एकशे साठ एकर म्हणाले आणि मिशीवरून हात फिरवला. त्यांना इतकं हसताना मी आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

मला मात्र हसू येईना. सत्तर आहेत हे ठाऊक असताना तू ऐंशीवर शपथ घेणार? आणि दावा लावायच्या आधी त्या आईला विचारलंस का? शेत तिचं आहे असं तूच लिहिलंस. काल बाबा नांगर धरत होते, तर पुन्हा एक दगडी बाणाचं टोक निघालं. ती टोकं ते चहाच्या डब्यात ठेवतात, तुला माहीत आहे. मी आजवर कधी विचारलं नव्हतं. काल विचारलं की ही कोणाची. बाबा म्हणाले, आधीच्यांची. आधीचे गेले कुठे विचारलं, तर म्हणाले पश्चिमेला. मग त्यांनी टोक डब्यात टाकलं आणि झाकण लावलं.

बरोबर काय ते मलाही कळत नाही रे. पण खोटी सही करून माझ्या घरी येऊ नकोस.

रागावले तरी तुझीच,
ताई


ओमाहा लोकांचं गाव
३ सप्टेंबर १८५८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र सहीच्या दिवसानंतर पाचव्या दिवशी हाती पडलं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

मी सही केली नाही. ओमाहा शहरात कारकुनाने कागद पुढे सरकवला. माझं ठरलेलं होतं, ताई, सही करायची, दावा लावायचा, ती चिडली तर चिडू दे, पुढे समजेल. पण कागदावर लिहिलं होतं की मी ही लांबी इमानाने मोजली, आणि मला ती म्हातारी बोटांवर मोजताना दिसायला लागली. मी टाक टेबलावर आपटला. बाबांना सांग, आपटायची सवय गेली नाही.

मला वाटलं, झालं, आता मोजणी बाद. प्रॉक्टरसाहेबांनी बाहेर जाऊन आमच्या आचाऱ्याला बोलावून आणलं. त्याने जन्मात साखळी धरलेली नाही. त्याने नाव कुठे लिहायचं ते विचारलं आणि लिहिलं. कारकुनाने शाई सुकायला वाळू टाकली. एवढंच. माझ्या नकाराने एक इंचही इकडचा तिकडे झाला नाही. मी ओडीलची आणि माझी मोजणी लिहून ओमाहा लोकांचा कारभार बघणाऱ्या सरकारी एजंटकडे दिली. तो म्हणाला की शपथ न घेतलेल्या बाईने ओढलेली साखळी हिशेबात धरली जात नाही. मी म्हटलं, मग तिला शपथ द्या. तो म्हणाला, तिची शपथही धरली जात नाही.

होगने ओढा ओलांडून शेतावर दावा लावला. मला त्याचं डोकं फोडायचं होतं. तर त्याचं धाकटं पोर तापात पडलेलं, बायकोने मला बसवून गरम पाव दिला, आणि तो स्वतःच खालच्या मानेने म्हणाला की पीक बायांनी काढून न्यावं, त्याला फक्त जमीन हवी आहे. फक्त जमीन! त्याचा द्वेषही नीट करता येत नाही मला.

शिकारीहून गाव परतलं. सगळ्या बायका शेतात उतरल्या आणि दोन दिवसांत सगळी कणसं काढली. मी पोती वाहिली. मला कोणी बोलावलं नव्हतं, कोणी हाकललंही नाही. ओडीलची आई शेवटच्या ओळीत बसून राहिली, मग मूठभर बियाणं फडक्यात बांधून उठली.

मी ओडीलला सहीचं सांगितलं. वाटलं, आता तरी ती काहीतरी म्हणेल. ती म्हणाली की तिला एजंटकडून आधीच कळलंय, आणि शेत तर गेलंच. मी म्हटलं, हो. तिने पोतं माझ्या पाठीवर नीट केलं. पुढच्या वसंतात हद्दीच्या आत, नदीकडच्या बाजूला आईसाठी नवी जमीन फोडायची आहे, तिथे मुळं फार आहेत, असं म्हणाली. आणि मग म्हणाली, "मोजायला येऊ नकोस. खणायला ये."

ताई, हा होकार आहे का? माफी आहे? की नुसतं काम? रात्री तिन्ही वाटतात, सकाळी एकही नाही. विचारायचं धाडस होत नाही. पण मी कुदळीला नवा दांडा बसवायला घेतलाय.

बाबांना काय सांगायचं ते तूच ठरव. मुलगा जमीनदार झाला नाही, इतकं तरी सांग. रागावलीस तरी पत्र टाकत जा.
तुझा,
जेथ्रो