सोडलेली पात

८ जुलै
आलो एकदाचा फैजपूरला. केळी काढून लावलेली महोगनी, भोवती तारेचं कुंपण, मला पत्र्याची खोली आणि वर पंखा. राजा माणूस झालो. मालक सुगनचंद शेठ म्हणाले, योगेंद्र, पोळ्यापर्यंत रोपं तणातून वर दिसू देत, नोकरी पक्की. मग ज्योत्स्नाला धुळ्याहून आणतो. लग्न झाल्यापासून बिचारी माहेरीच आहे.

१९ जुलै
लव्हाळ्याने वैताग आणलाय. उपटावा तर दुप्पट उगवतो, औषध मारावं तर कोवळी रोपंच जळतील. निंदायला बाया लावल्या. प्रत्येकीने आपली पात धरायची, म्हणजे आपल्या वाट्याची ओळ खुरपत पुढे सरकायचं. पण कुंदाबाई आणि बेबाबाईच्या मधली एक पात रोज सोडतात. तिथे गवत गुडघ्याला लागलंय. विचारलं तर कुंदाबाई म्हणे, ती पात तिची हाये भाऊ. कोण ती, तर नाव घ्यायचं नाही. कामचुकारांना सतरा कारणं.

२ ऑगस्ट
शेठ आले, नेमकी तीच पात बघितली. दोन दिवसांत साफ कर नाहीतर धुळ्याला चालू लाग म्हणाले. बठ्ठं मुसळ केरात. डोकंच फिरलं. बाया भाकरीला गेल्या तेव्हा मीच खुरपं घेऊन त्या पातीत बसलो. परत आल्यावर कुंदाबाई मटकन बांधावर बसली. म्हणाली, तिची पात धरली, आता ती तुमची जागा धरेल. मी हसलो.

४ ऑगस्ट
खोलीकडे निघतो आणि पातीतच पोचतो. वही खिशात होती म्हणून लिहितोय. बाया शेजारून सरकतात, मी हाका मारतो, एकही मान वळवत नाही. कुंदाबाईने योगेंद्रभाऊ म्हणून हाक दिली — खोलीकडे तोंड करून. खोलीतून ओ आली. माझ्याच आवाजात.

५ ऑगस्ट
शेठ खूश. नोकरी पक्की. खोलीतून बाहेर आलेल्या तिला योगेंद्र म्हणत, हात हातात घेऊन सांगितलं, आता बायकोला बोलावून घे —
मी इथे, शेठ. इथे.

६ ऑगस्ट
खुरपं हातातून सुटत नाही. निंदतो तेवढी पात वाढते —

रिक्षा थांबली. ज्योत्स्ना. माझ्या शेजारून गेली, पदर घासला. ओरडलो —
दार उघडलं. माझा शर्ट. बाहीखाली हिरव्या बांगड्या. तिला दिसत नाहीत. हसतेय, म्हणतेय किती वाळलात हो —
ज्योत्स्ना, आत जाऊ नको. मी इथे गवता