मला बसवूनच न्यावे

मी, ईरप्पा मल्लाप्पा नांगनुरे, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, निवृत्त शिक्षक, राहणार शुक्रवार पेठ, कोल्हापूर, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो की, माझी बुद्धी शाबूत आहे, हात कापत नाही, आणि कुणी मला भरीस घातलेले नाही. भरीस घालायला घरात माणूस असावे लागते. ते नाही.

कलम १. शुक्रवार पेठेतील राहते घर माझ्या स्वकष्टाचे आहे. दारे-खिडक्या मी केल्या, नळ मी जोडले, वायरिंगही माझेच. हे घर व बँकेतील ठेव माझा एकुलता मुलगा चि. सोमशेखर, हल्ली मुक्काम डब्लिन, यास मिळावी. घर विकायचे तर खुशाल विकावे. फक्त गिऱ्हाइकाला सांगावे की न्हाणीघराचे दार किंचित उचलून लावावे लागते. माझी पत्नी कै. रुद्राणी हिची चाकाची खुर्ची आत जावी म्हणून मी ती चौकट घाईघाईने रुंद केली होती. ती गेल्यावर दार नीट करावेसे वाटले नाही.

कलम २. रंधा, पटाश्या, करवती, गिरमिट ही सर्व हत्यारे, मी जिथे गणित आणि सुतारकाम शिकवले त्या शाळेस द्यावीत. कपाटात घालून कुलूप लावणार असतील तर देऊ नयेत. पूर्वी गल्लीत कुणाचा मिक्सर बंद पडला, पंखा कुरकुरला, की माझेच दार वाजायचे. आता लोक मोडके फेकतात आणि नवे आणतात. दिवसभर बोलणे होत नाही, आणि संध्याकाळी भाजीवालीला भाव विचारायला गेलो की आवाज घोगरा निघतो. एकटेपणाची मला लाज नाही, पण त्याचा फार कंटाळा येतो.

कलम ३. आता मुख्य. आम्हा लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत. पूजेला बसतो तशी मांडी घालून बसवतात, डाव्या तळहातावर त्याच्या गळ्यातले इष्टलिंग ठेवतात आणि तसेच रुद्रभूमीत मातीत देतात. पण जीव गेल्यावर अंग फार वेळ मऊ राहत नाही. काही तासांत ताठते, मग गुडघे वळत नाहीत. रुद्राणी भरदुपारी माझ्यासमोर गेली. तिची मांडी मी माझ्या हातांनी घातली, भिंतीला टेकवून बसवले, लिंग हातात दिले आणि मगच रडलो. माझे हे कोण करणार? मला मरणाची भीती नाही. उशिरा सापडण्याची आहे.

सोमशेखरने सोप्यात कॅमेरा बसवला. म्हणाला, "अप्पा, आता काळजी नको, तुम्ही मला मोबाइलवर दिसता." पोरगा गुणी आहे. पण इथे उजाडते तेव्हा तो झोपलेला असतो, आणि कॅमेऱ्याला मांडी घालता येत नाही.

कलम ४. माझे शेजारी गणपतराव खोत शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीतून निवृत्त झाले. भट्टीसमोर जन्म गेल्याने मोठ्यानेच बोलतात. आमच्या दोन घरांमधला हातभर बोळ कुणाचा, यावरून आमचे जुने वैर. त्यांनी माझ्यावर अर्ज केले, मी त्यांच्यावर केले. रुद्राणी म्हणायची, त्या बोळात मांजरसुद्धा तिरके चालते, तुम्ही कशाला मरता त्याच्यासाठी. रोज सकाळी ते खिडकीतून ओरडतात, "ओ मास्तर, तुमच्या पायपाचं पाणी माझ्या भितीवर यायलंय, दिसतंय न्हवं?" मी म्हणतो, "व्हय, दिसतंय की." माझे दिवसातले पहिले बोलणे हेच, आणि पुष्कळदा शेवटचेही. तो पाइप दुरुस्त करायला मला चहा निवण्याइतकाही वेळ लागणार नाही. केलेला नाही आणि करणारही नाही.

गेल्या श्रावणात मला ताप भरला आणि मी ओ दिली नाही. या वयात हा गृहस्थ बोळाच्या भिंतीवरून आला, मागच्या दाराची कडी मोडली आणि पलंगापाशी उभा राहून मला शिव्या घालू लागला. "मला वाटलं गेलासा की ओ मास्तर," म्हणाले.

बरा झालो, कडी बसवली आणि मनातले सगळे त्यांना सांगून टाकले. ते म्हणाले, "दावा बघू, कसं बसवायचं." मी जमिनीवर आडवा होऊन अंग सैल सोडले. त्यांनी आधी उजवा पाय उलटाच वळवला. मास्तरकी जाते कुठे, मी खेकसलो. तर म्हणतात, "मेलेलं माणूस वरडत न्हाय मास्तर, गप पडा." पुन्हा करून घेतले. दुसऱ्या खेपेस जमले.

सबब लिहून ठेवतो की, विधी करणारे स्वामी येण्याआधी मला बसवण्याचा व लिंग हातात देण्याचा अधिकार गणपतरावांचा राहील. ते आपल्यातले नाहीत म्हणून भावकीने नाक मुरडू नये. ज्याला मुरडायचे असेल त्याने रोज सकाळी येऊन मला हाक मारावी. मुलाची वाट बघत मला बर्फावर ठेवू नये. सोमशेखर, बाळा, तू विमानात असशील तेव्हा मी मातीत असेन. याचा राग नाही. वाईट वाटते, तेवढे लिहितो. आणि उशीर झालाच, तर गुडघ्यांवर जोर करू नये, वाळलेले लाकूड वळवले की मोडते. मग आडवेच न्यावे, आणि गणपतरावांना कुणी बोल लावू नये.

कलम ५. वादातला बोळ गणपतराव खोत यांस द्यावा.

कलम ६. रुद्राणीच्या आजारपणात जे पाहुणे फिरकले नाहीत, त्यांनाही मी गेल्यावरच्या शिवगणाराधनेच्या जेवणास बोलवावे. पहिल्या पंगतीला मात्र बसवू नये.

खुलासा. हे मृत्युपत्र तयार करणारे वकील उन्मेष सबनीस माझे विद्यार्थी. ते म्हणाले, "सर, दोन साक्षीदार लागतात. एक मी होतो. दुसरे कोण?" जी जी नावे आठवली, ती माणसे केव्हाच मातीत गेली आहेत. शेवटी गणपतरावांना बोलावले. उन्मेष म्हणतात, साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नये, पुढे तंटा होतो. तेव्हा त्यांनी बोळ घ्यावा किंवा सही करावी. ठरवायचे त्यांनी. सध्या चष्मा शोधत आहेत.

कलम ५ खोडले आहे. खोडल्याबद्दल माझी सही: ई. म. नांगनुरे

ठिकाण: कोल्हापूर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५
लिहून ठेवणार: ईरप्पा मल्लाप्पा नांगनुरे

साक्षीदार १: उन्मेष सबनीस, वकील

साक्षीदार २: गणपतराव खोत. बोळ मला नको. शिकवल्यालं ध्यानात हाय. पर मास्तर, उद्या सकाळी हाक मारल्यावर ओ द्या.