काळ्या गाडीची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, दातांच्या कवळ्या बनवून पोट भरलेला आणि आता ते काम थांबवलेला माणूस, हा कागद माझ्याच जेवणाच्या टेबलावर, डोके ठिकाणावर असताना, कोणाच्या धाकाने किंवा लाडीगोडीने नव्हे तर स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवत आहे. येत्या आठवड्यात माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. सर्जन म्हणतात, काळजीचे कारण नाही. कवळी पहिल्यांदा बसवताना मीही लोकांना तेच सांगत असे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

वकिलांनी बजावले आहे की कलमे थोडक्यात लिहा. प्रयत्न करतो.

कलम १. राहते घर पत्नीला, तिच्यामागे मुलाला. मुलीने स्वतःचे घर घेतले तेव्हाच तिचा वाटा तिला दिलेला आहे आणि त्यावरून भावाबहिणीत कुरबूर नाही. बँकेत जे निघेल ते पत्नीचे. तिने ते जपून खर्च करू नये. आजवर जपले ते पुष्कळ झाले, आणि त्यातले बरेचसे माझ्या टायरांत गेले.

कलम २. माझ्या कामाचे साचे आणि पॉलिशचे मशीन, हे काम जिथे शिकवतात अशा एखाद्या संस्थेला द्यावे. खिडकीतला नमुन्याचा जबडा पत्नीने खुशाल फेकून द्यावा. तो तिच्याकडे बघून हसतो असे तिचे पहिल्यापासूनचे म्हणणे आहे.

कलम ३. हत्यारे, म्हणजे पाने, जॅक, स्टँड आणि बोल्ट बेताच्या जोराने आवळायचा टॉर्क पाना, गाडीबरोबर जातील. यातले काहीही माझ्या मेहुण्याच्या हाती लागू देऊ नये. हा गृहस्थ एकदा मदत करायला म्हणून आला आणि ऑइल चेंबरचा बोल्ट त्याने असा काही आवळला की आटेच गेले. वर म्हणाला, आता हलायचा नाही. सकाळी पार्किंगमध्ये तेलाचे तळे साचले होते. पुढे याच माणसाने चारचौघांत माझ्या गाडीला म्हातारचळ म्हटले. असेल चळ. बोल्ट मी मोडला नव्हता. मेहुण्याला माझी काळी छत्री द्यावी. ती त्याचीच आहे.

कलम ४. आता गाडी. काळी, चार दारांची, मोठ्या इंजिनाची. मी ती एका कातडीच्या डॉक्टरांकडून जुनी घेतली. त्यांनी ती घर ते दवाखाना एवढीच चालवली होती, आणि गिअरबॉक्सचे तेल जन्मात बदलावे लागत नाही अशी त्यांची समजूत होती. आमच्या मेस्त्रीने ते तेल काढून बोटांवर चोळले आणि बोटे माझ्या नाकाखाली धरली. या मेस्त्रीला सगळे सावकाश म्हणतात, कारण कुठलेही काम सांगा, त्याचे पहिले उत्तर तेच असते. आम्ही दोघांनी आधी जुनी दुखणी काढली. तडकलेले रबरी बुश, मऊ पडलेले पाण्याचे पाइप, इंजिनातली गळती. चांगली गाडी आणखी पळवण्याआधी ती नीट थांबली पाहिजे, म्हणून मग पुढचे ब्रेक मोठे केले. शॉकअप शेवटी.

हीच गाडी आठवडाभर भाजी आणायची, पत्नीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायची, आणि रविवारी शहराबाहेरच्या शर्यतीच्या ट्रॅकवर जायची. शॉकअप कडक केले की पत्नीची पाठ बोलू लागे, मऊ केले की गाडी वळणावर झुले. आम्ही मधला मार्ग काढला. तो कोणालाच पसंत नव्हता, म्हणजे बरोबर असावा.

कलम ५. या कलमात मी कोणालाही काही देत नाही. वकील म्हणाले, मग काढून टाका. मी ठेवतो आहे.

माझी मुलगी या गाडीवर शिकली. ट्रॅकवर ती माझ्यापेक्षा उजवी आहे. ब्रेक उशिरा दाबते, एकदाच दाबते, आणि वळणातून बाहेर पडताना स्टिअरिंगशी झटापट करत नाही. हे मी तिला तोंडावर सांगितले आहे, सावकाशनेही सांगितले आहे, आणि तो माणूस कोणाची उगाच स्तुती करणाऱ्यातला नाही.

ट्रॅकवरचे ब्रेक पॅड तापल्यावरच पकडतात. गार असताना ते जवळजवळ निकामी. म्हणून ट्रॅकवरून आल्यावर पॅड बदलायचे, आणि बदलेपर्यंत स्टिअरिंगला लाल कापडाची पट्टी बांधून ठेवायची, असा आमच्या घरचा नियम होता. पट्टी दिसली की त्या दिवशी माणसाने बसने जायचे. एका रविवारी आम्ही थकून आलो आणि पॅडचे काम दुसऱ्या दिवसावर टाकले. मुलीचे हात काळे झालेले होते, स्टिअरिंगही बरबटले होते. ते पुसायला तिने पट्टी सोडली, खिशात घातली आणि विसरली. सकाळी आईला घेऊन ती बाहेर पडली. पहिल्याच सिग्नलला ब्रेक दाबला, आणि गाडी थांबलीच नाही. समोर टेम्पो उभा होता.

पत्नीचे मनगट मोडले. ते सांधले. रेडिएटर फुटला. तो नवा बसवला. मुलगी मात्र त्यानंतर ड्रायव्हरच्या सीटवर बसलेली नाही. या गाडीच्या नाही आणि दुसऱ्या कुठल्याही नाही. आई तिला म्हणते, अगं, माझा हात बघ, कणीक मळते मी या हाताने. मुलगी मान हलवते आणि रिक्षा बोलावते.

तिने पुन्हा गाडी चालवावी एवढीच माझी इच्छा आहे. ऑपरेशनची मला फारशी भीती वाटत नाही. हे राहून जाईल याचे मात्र फार वाईट वाटते. इच्छा कलमात घालता येते का, असे मी वकिलांना विचारले. ते म्हणाले, घाला की, पण ती अमलात कोण आणणार?

कलम ६. मुलीने सगळ्यांसमोर सांगितले आहे की मला त्या गाडीतले काहीही नको. मुलाचे मत विकून मोकळे व्हावे असे पडले. तो हिशेबी आहे, त्याला दोष नाही. मला ती अनोळखी माणसाच्या हाती जायला नको आहे. म्हणून गाडी आणि हत्यारे सावकाश मेस्त्रीला द्यावीत. त्याने ती चालवावी किंवा ठेवावी. सुटे भाग करून विकू नये.

कलम ७. माझ्यामागे कोणी भाषण करू नये. विशेषतः मेहुण्याने.

सही करण्यापूर्वीची नोंद. वरचे कलम ६ आडवी रेघ मारून रद्द केले आहे. खाडाखोड केली की कारण लिहावे लागते असे वकील म्हणतात, म्हणून लिहितो.

दोन साक्षीदार हवे होते. तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर, ज्यांच्यासाठी मी वर्षानुवर्षे कवळ्या केल्या, ते वर आलेच होते. दुसरी साक्षीदार म्हणून माझी मुलगी. या कागदात तिला काही मिळत नव्हते, त्यामुळे तिची सही चालणार होती, आणि तिनेच आपणहून म्हटले होते की मी आहे की घरची, बाहेरचा कशाला शोधता. वकिलांनी तिच्यापुढे कागद सरकवला आणि रिवाजाप्रमाणे समजावून सांगितले, की साक्षीदाराला या कागदाखाली काही मिळत नाही आणि उद्या मन बदलले तरी त्याला यातले काही मागता येणार नाही.

तिने पेन हातात धरून ठेवले. सहावे कलम पुन्हा वाचले, मग पाचवे. तिने पेनाला टोपण लावले.

"बाबा, मी सही नाही करत."

वकिलांना वाटले मजकुरात चूक आहे. पत्नी माझ्याकडे बघू लागली. मी विचारले, का गं?

"गाडी मला हवी आहे."

चालवशील का, असे मी विचारले. विचारायला नको होते, पण राहवले नाही.

"आत्ता नाही सांगता येत. पण दुसऱ्या कुणाला देऊ नका."

पत्नी उठून स्वयंपाकघरात गेली. मी चष्मा पुसला. वकिलांनी नवे कलम सांगितले, मी लिहून घेतले: काळी गाडी आणि सर्व हत्यारे माझ्या मुलीला, कोणत्याही अटीशिवाय. त्याआधी त्यांनी विचारले होते, चालवण्याची अट घालायची का? मी नाही म्हणालो.

एक साक्षीदार कमी पडला. सावकाशला आता काहीच मिळत नसल्याने त्याची सही चालेल असे वकील म्हणाले, म्हणून त्याला बोलावले. तो हात धुऊन आला. गाडी त्याच्या हातून निसटली हे त्याला मीच सांगितले. त्याने मुलीकडे पाहिले आणि म्हणाला, "बरं झालं. माझ्याकडे उभी करायला जागाच नव्हती." त्याच्या गॅरेजमागे मोठे मोकळे पटांगण आहे. आम्ही कोणी तो विषय काढला नाही.

मजकूर मी स्वतः वाचला, पटला, आणि खालील दोघांच्या डोळ्यांसमोर सही केली. त्या दोघांनी माझ्यासमोर केली.

ठिकाण: राहते घर, जेवणाचे टेबल.
तारीख: ऑपरेशनच्या आधीचा शुक्रवार, दुपार.

लिहून ठेवणार: कवळ्यावाला (सही)
साक्षीदार पहिला: तळमजल्यावरचे डॉक्टर (सही)
साक्षीदार दुसरा: मेस्त्री, ऊर्फ सावकाश (सही)
मुलगी: हजर. सही केलेली नाही.