लिओनेलच्या अंगाला बदामाचा वास

ठाणे,
रविवार, चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर

प्रिय बिट्रिसबाय,

थोरल्या बहिणीला धाकट्या, आणि आता उरलेल्या एकुलत्या एक भावाचा नमस्कार. पत्रात आधी 'इकडील सर्व खुशाल' असं लिहायचं असतं, पण भावाला पुरून आलेल्या माणसाचं पेन त्या वाक्यावर अडखळतं. तुझे गुडघे कसे आहेत? तुझी सून जोविटा तुला जिने चढू देत नाही, हे ती बरंच करते. (गुडघ्यांपायी तुला मयताला येता आलं नाही म्हणून मी आधी हळहळत होतो. आता देवाचे आभार मानतो. का ते पुढे कळेल.) फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि सगळ्या आंबिवलीला ऐकू जाईल असं ओरडून सांगण्यासारखी ही गोष्ट नाही, म्हणून हे पत्र.

तुला माहीतच आहे, वागळे इस्टेटमधून रिटायर झाल्यापासून माझी प्रत्येक संध्याकाळ लिओनेलच्या टीव्हीसमोर जायची. त्याचा पोरगा स्टीव्ह जहाजावर, त्यामुळे घरात लिओनेल आणि सून रोवेना दोघंच. आम्ही बघायचो फक्त खुनाच्या मालिका. गोळीबारवाल्या नव्हेत, कोड्यातल्या. डोंगरावरचा बंगला, मोजके पाहुणे, दरड कोसळून रस्ता बंद, आणि भर जेवणात एक जण सुपात तोंड घालून मरतो. शेवटी एक तिरसट म्हातारा सगळ्यांना हॉलमध्ये बसवतो आणि खुनी दाखवून देतो. लिओनेलचा संशय कायम डॉक्टरवर. (डायबिटीसपायी ज्याने त्याचं गोड तोडलं, त्या आपल्या डॉक्टरचा राग तो तिथे काढायचा.) माझा संशय कायम सुनेवर. रोवेना स्वयंपाकघराच्या दारातून जाता जाता खुनी अचूक सांगून जायची आणि आमच्या तासाभराच्या मेहनतीवर पाणी पडायचं.

मेलेली माणसं बघायला एवढं काय आवडतं तुम्हाला, असं फादर एकदा म्हणाले होते. बाय, तिथे कोणी उगाच मरत नाही. माझी बायको गेली तेव्हा मी सगळ्यांना विचारत सुटलो होतो, असं कसं झालं? कोणी म्हणालं वय, कोणी म्हणालं देवाची मर्जी. टीव्हीवर असली उत्तरं चालत नाहीत. तिथे मरणाला कारण असतं, कारणामागे माणूस असतो, आणि तो माणूस आपल्या जेवणाच्या वेळेआधी सापडतो. मग आम्ही दोघे समाधानाने पानावर बसायचो. लिओनेल म्हणायचा, "मार्सेल, आपल्याला पण कोणीतरी असा डोकं लावून मारायला पायजे रे. नायतर आपल्या मरणात दम नाय."

आणि गेला कसा, तर झोपेत. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. हे काय कारण झालं? ते तर सगळ्यांचंच थांबतं.

मयत हॉलमध्ये ठेवलं होतं. मरणासाठी म्हणून स्वतः शिवून घेतलेला आणि कपाटात वेगळा टांगून ठेवलेला काळा सूट त्याच्या अंगावर होता. (जिवंतपणी इतका देखणा तो कधीच दिसला नव्हता.) रोजरीची प्रार्थना संपली, पेटी बंद करायच्या आधी आपल्या रीतीप्रमाणे कपाळाचा शेवटचा मुका घ्यायला मी वाकलो, आणि नाकात वास शिरला. बदामाचा! बाय, बदामाचा वास म्हणजे सायनाइड, हे मला आता 'आमच्या बापा'च्या प्रार्थनेइतकं पाठ आहे. रडू जागच्या जागी थांबलं. वर बघितलं तर सगळे हॉलमध्ये जमलेले, दारात गर्दी, मधोमध प्रेत. माझी मती फिरली. मी हात वर करून म्हणालो, "कोणीही बाहेर जायचं नाही. माझ्या भावाला विष दिलंय." फादरांच्या हातातलं पवित्र पाणी हातातच राहिलं. शेजारच्या जयावहिनी रडता रडता थांबून नीट दिसावं म्हणून पुढे सरकल्या. मी विचारलं, "त्याला शेवटचं जेवण कोणी वाढलं?" आणि सगळ्या माना रोवेनाकडे वळल्या.

जिने इतकी वर्षं त्याला इन्शुलिन टोचलं, त्याच्या पायाच्या जखमा धुतल्या, त्या पोरीकडे.

ती रडली नाही. पुढे आली, वाकून वास घेतला, म्हणाली, "अंकल, तुम्ही बोललात ते सगळ्यांनी ऐकलंय. आता हे पण सगळ्यांसमोरच बघा." तिने लिओनेलच्या कोटाचं बटण काढून आतल्या खिशात हात घातला. निघाला काय, तर टिशूत गुंडाळलेला ईस्टरच्या मार्झिपानचा, म्हणजे आपल्या त्या बदामाच्या मिठाईचा तुकडा! अर्धा खाल्लेला. गोडाच्या शोधात तिने गाद्या उलटल्या होत्या, तांदळाचा डबा उपसला होता, पण मरणाच्या सुटाला कोण हात लावणार? लबाडाने जागा बरोबर हेरली होती. मागे कोणीतरी फिसकन हसलं. रोवेना म्हणाली, "डॅडींना हे कोणी दिलं?" आता सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. रोजचा येणारा मीच.

मी म्हणालो, "मी दिलं."

तेव्हापासून ते दार मला बंद आहे. चर्चमध्ये रोवेना तोंड फिरवते, आणि तिचं काही चुकत नाही. संध्याकाळी मी घरी एकटाच टीव्ही लावतो. परवा पहिल्यांदाच खुनी मी अगदी आधी ओळखला, पण सांगू कोणाला? फार एकटं वाटतं, बाय. लिओनेल तर गेलाच, पण ते घर तरी राहावं. त्याच्या महिन्याच्या मिस्साला रिक्षा करून का होईना, पण ये. जोविटाला आणि पोरांना आशीर्वाद.

तुझा,
मार्सेल

ता. क. : हे पत्र तूच वाच, जोविटाकडून वाचून घेऊ नकोस. तो मार्झिपानचा तुकडा माशाची शेपटी होती. आईचा माशाचा साचा तुझ्याकडे आहे, आणि ईस्टरला लिओनेल तुझ्याकडे आला होता. मी डॉक्टरांना एकट्याने गाठून विचारलं. एवढ्याशा गोडाने कोणी जात नाही, म्हणाले. मी विश्वास ठेवलाय, तूही ठेव. आणि मिस्साला येऊन काही कबूल करत बसू नकोस. माझं नाव खराब झालंच आहे, त्यातच भागू दे.

ता. क. दुसरं : त्याऐवजी रोवेनाशी माझ्यासाठी दोन शब्द बोल. तुझा शब्द ती मोडणार नाही. संध्याकाळी तासभर दारातल्या खुर्चीवर बसू दिलं तरी पुरे.

ता. क. शेवटचं : लिहू की नको, असं करत होतो. तुझ्याकडचा तो साचा दर ईस्टरला कोण घासून ठेवतं? रोवेनाच ना? मी 'मी दिलं' म्हणालो, तेव्हा तिने ती शेपटी उलटसुलट करून बघितली, मग माझ्याकडे बघितलं. टिशूत पुन्हा गुंडाळून त्याच खिशात ठेवली, कोटाचं बटण लावलं, आणि फादरांना म्हणाली, "अंकल बोलतात तर अंकलनीच दिलं असेल. पेटी बंद करा."